चाकणच्या माळावरची दारं

म्हसवडहून पुण्याला जायचं तर माणसाकडे सांगण्यासारखं कारण असावं लागतं. लग्न, दवाखाना, नातवाचं बारसं, काहीही चालतं. एसटी फलटणला चहाला थांबली तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलं आणि मी खरं ते सांगून टाकलं, की मी एक कोळी बघायला चालले आहे, जमिनीत राहणारा. बाईंनी 'अगंबाई' म्हणून माझ्याकडे नीट पाहिलं, पिशवी मांडीवर घेतली आणि जेजुरी येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. रिटायर झालेल्या शिक्षिकेच्या डोक्यावर परिणाम होतो असं आपल्या तालुक्यात मानतातच, त्यात माझी भर पडली.

कारण असं होतं. मनीषा नावाची माझी एक विद्यार्थिनी आहे. ज्युनिअर कॉलेजात मी तिला प्राणिशास्त्र शिकवलं. आता ती चाकणला गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत पर्यावरण अधिकारी आहे. अधिकारी हा शब्द जरा मोठा झाला. नोकरी कंत्राटी आहे आणि टेबल दोघांत मिळून एक आहे. दिवाळी झाल्यावर तिनं मला मोबाइलवर फोटो पाठवला. मुरमाड जमीन, वाळत चाललेलं कुसळी गवत आणि मधोमध रुपयाच्या नाण्याएवढं मातीचं गोल झाकण, एका बाजूनं किंचित उचललेलं. खाली लिहिलं होतं, 'मॅडम, तुम्ही आपल्या माळावर दाखवलं होतं तेच ना हे?'

तेच होतं. पुस्तकात या कोळ्याला लांबलचक लॅटिन नाव आहे, मी त्याला झाकणवाला म्हणते. हा कोरड्या, कमी पावसाच्या माळाचा रहिवासी. हवेत जाळं विणायच्या भानगडीत तो पडत नाही. जमिनीत बीळ करायचं, त्याला आतून रेशमाचं अस्तर द्यायचं आणि वर माती नि रेशीम मिळून केलेलं झाकण बसवायचं, एका बाजूला बिजागरीसकट. मादी एकदा बीळ करून बसली की जन्मभर तिथेच, आणि तिचा जन्म चांगला लांब, वर्षानुवर्षांचा असतो. अंधार पडला की झाकण जरासं वर करून, पुढचे पाय उंबऱ्यावर ठेवून ती बसते. किडा जवळून गेला की त्याला ओढते आणि दार लावून घेते. पिल्लंसुद्धा फार लांब जात नाहीत, आईच्या आसपास आपापली छोटी दारं करतात. म्हणून जिथे एक झाकण दिसतं तिथे वस्ती असते. ही वस्ती उचलून दुसरीकडे नेता येत नाही, कारण मोठ्या झालेल्या मादीला पुन्हा नव्यानं बीळ करणं बहुधा जमत नाही.

मनीषाच्या कंपनीच्या मागच्या शेडपासून कुंपणाच्या भिंतीपर्यंत माळाचा एक पट्टा राहून गेला होता. कोणी राखला वगैरे नव्हता, सपाट करायचा विसरला होता इतकंच. आता तिथे काँक्रीट ओतून ट्रक उभे करायचं घाटत होतं. मनीषानं वर कळवलं की या पट्ट्यात एक खास जीव राहतो, काँक्रीट ओतू नका. कारखान्याचे प्रमुख, ज्यांना तिथे प्लांट हेड म्हणतात, ते म्हणाले की तज्ज्ञ आणा, मग बघू. पुण्यातले खरे तज्ज्ञ कुठल्याशा परिषदेला गेले होते, म्हणून माझी वर्णी लागली.

पुण्यात माझा मुक्काम सांगवीला, भाच्याकडे. प्रसाद हिंजवडीच्या आयटी पार्कात काम करतो, म्हणजे काही तास काम करतो आणि उरलेले तास तिथपर्यंत जाण्यात आणि येण्यात घालवतो. तो कॅबमधून उतरला तेव्हा इतका दमलेला होता, की मला वाटलं चालतच आला असावा. त्याच्या गॅलरीतून मुळा नदी दिसते असं त्यानं फोनवर अनेकदा सांगितलं होतं. मी हौसेनं गॅलरीत गेले. नदी कुठे दिसेना. या काठापासून पलीकडच्या औंधच्या काठापर्यंत जलपर्णीचा हिरवागार थर पसरला होता आणि त्याखालून वास येत होता. प्रसाद म्हणाला, "काय ग्रीनरी आहे ना मावशी?" मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तिकडच्या माणसाला हिरवं दिसलं की तो पुढचं काही बघत नाही, हे मला त्या गॅलरीतच कळायला हवं होतं.

मनीषा भोसरीत खोली घेऊन राहते. सकाळी तिला भोसरीत गाठून नाश्ता करायचा आणि पुढे दोघींनी चाकणला जायचं असं ठरलं होतं. मी दापोडीला मेट्रोत चढले. डबा स्वच्छ, गार, आणि माणसं एकमेकांकडे न बघण्याची शपथ घेतल्यासारखी. भोसरी नावाचं स्टेशन आलं, मी ऐटीत उतरले आणि मनीषाला फोन केला, की पोचले. ती म्हणाली, मीही उभी आहे. दोघी बराच वेळ एकमेकींना शोधत होतो. शेवटी एका रिक्षावाल्यानं उलगडा केला, की स्टेशनला नाव भोसरीचं असलं तरी ते भोसरीत नाही, नाशिक फाट्याला आहे. मग भोसरी कुठे, असं विचारल्यावर त्यानं लांबवर हात केला आणि मीटर न टाकता मला बसवून घेतलं. एवढ्या उंचीवर, एवढ्या काँक्रीटचं स्टेशन बांधलं आणि तेवढं गाव मात्र चुकलं.

भोसरीत मनीषानं हातगाडीवर मिसळ खाऊ घातली. आजूबाजूला गळ्यात ओळखपत्र अडकवलेली पोरं उभ्यानं खात होती. कुणी रात्रपाळी संपवून आलेला, कुणी दिवसपाळीला निघालेला, आणि सगळ्यांच्या तोंडी ओव्हरटाइम. मिसळीला तर्री अप्रतिम होती. हे मान्य करणं मला जड जातंय, पण खोटं कशाला लिहू?

चाकणचा रस्ता म्हणजे गोडाऊन, वजनकाटा, ढाबा, 'रूम भाड्याने देणे आहे' आणि पुन्हा गोडाऊन. मोशी मागे पडली की मधूनमधून टेकड्या दिसतात, पण त्या एका बाजूनं कापलेल्या, आतला तांबूस मुरूम उघडा पडलेला. चौकात कंटेनरांची रांग लागली होती आणि बस त्यांच्या मागे गपगुमान उभी होती. मनीषा म्हणाली, हे रोजचंच आहे. इथे जगभरासाठी गाड्या बनतात आणि त्यांतली एकही इथल्या रस्त्यावर हलत नाही, याचं कुणाला काही वाटत नव्हतं. कंडक्टर तर डुलकी काढत होता.

कंपनीच्या फाटकावर माझं इंडक्शन झालं (म्हणजे आत सोडण्याआधीचा उपदेश). एका खोलीत बसवून मला सिनेमा दाखवला. त्यात जिना उतरताना कठडा धरावा, चालताना फोनवर बोलू नये आणि पिवळ्या पट्ट्यांच्या आतूनच चालावं असं एक हसरी मुलगी सांगत होती. मग डोक्याला टोपडं, अंगात चमकणारं जाकीट आणि पायात लोखंडी नाकाचे बूट. मी जन्मभर माळावर चपला घालून फिरले. विंचू, साप, काटे, सगळं बघितलं. कोळी बघायला लोखंडी बूट घालायची वेळ त्याच दिवशी आली. मनीषाला मी म्हटलंसुद्धा, की तुमची माणसं एवढी घाबरट का? ती म्हणाली, मॅडम, इथे काम बिघडलं तर बोलणी खावी लागतात, पण अपघात झाला तर खुर्च्या जातात. म्हणून सुरक्षेचं नाव काढलं की मोठ्यातला मोठा साहेबसुद्धा जागच्या जागी थांबतो.

आणि मग तो पट्टा आला. शेडची घरघर तिथपर्यंत येत होती, पण पायाखाली आपला ओळखीचा मुरूम होता, कुसळं पायजम्यात घुसत होती आणि एक टिटवी आमच्यावर ओरडत होती. मी बूट काढून ठेवले. सुरक्षारक्षकानं नापसंती दाखवली, मी तिकडे दुर्लक्ष केलं. गुडघे टेकून बसले आणि नजर जमिनीला सरावल्यावर झाकणं दिसायला लागली. एक, मग शेजारी दुसरं, मग हातभर अंतरावर दोन बारकी, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. मी केसातली पिन काढून एका मोठ्या झाकणाच्या कडेखाली हळूच सरकवली आणि उचलून पाहिलं. झाकण आतून ओढलं गेलं. आत बसलेली बाई दार धरून ठेवत होती, चांगल्या जोरानं. मी पिन काढून घेतली, तिला आणखी त्रास दिला नाही. मला फार आनंद झाला. आपल्याकडे हा कोळी मी अनेकदा पाहिलाय, पण इतक्या गदारोळात, इतक्या माणसांच्या नाकाखाली, दार लावून स्वस्थ बसलेला पाहून भरून आलं. मनीषा माझ्याकडे बघत होती. तिला फक्त एवढंच विचारायचं होतं, की हे वाचेल का? मी म्हटलं, वाचवायलाच आलेय.

कँटीनमध्ये जेवण झालं. पोळी, मटकीची उसळ, भात आणि वरण या नावाखाली पिवळं पाणी. त्यानंतर प्लांट हेडच्या दालनात बैठक. गृहस्थ सज्जन होते, तसे ते सगळेच असतात. भिंतीवर त्यांनी आधीच कोळ्याचं मोठं चित्र लावून ठेवलं होतं, इंटरनेटवरून काढलेलं. तो दक्षिण अमेरिकेतला केसाळ राक्षस होता. मी सांगितलं की हा तो नव्हे. ते म्हणाले, असू दे, प्रेझेंटेशनसाठी हा चांगला दिसतो.

मी तीन गोष्टी सांगितल्या. हा कोळी माणसाच्या वाटेला जात नाही. याला हलवता येत नाही. आणि याला कोरडी, न खणलेली जमीन लागते. पहिल्या गोष्टीवर सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसरीवर साहेब थबकले. म्हणाले, मॅडम, आम्ही अख्खी मशीन लाइन एका रविवारी उचलून दुसऱ्या शेडमध्ये बसवतो, तुमचे कोळी किती जड असतील? मी पुन्हा पहिल्यापासून समजावलं. तिसरी गोष्ट सांगेपर्यंत चहा आला आणि ती चहात बुडाली.

पण निर्णय आमच्या बाजूनं लागला. साहेब उठून उभे राहिले आणि त्यांनी जाहीर केलं की ट्रकचं पार्किंग रद्द, तो पट्टा आजपासून ग्रीन बेल्टमध्ये. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. कोणीतरी मला गुलाबाचं फूल दिलं आणि परवाच्या कार्यक्रमाला तुम्ही प्रमुख पाहुण्या, असं सांगितलं. कसला कार्यक्रम ते मी विचारलं नाही. माणूस जिंकल्यावर फार चौकशा करत नाही.

बाहेर आल्यावर मनीषाचा चेहरा पडलेला दिसला. तिनं मला जिन्यातच थांबवलं, अर्थात कठडा धरून. "मॅडम, ग्रीन बेल्ट म्हणजे झाडं. परवा दिल्लीहून मोठे साहेब येणार आहेत, त्यांच्या हातून तिथे वृक्षारोपण आहे." तिनं मग नीट उलगडून सांगितलं. कारखान्यात जमिनीचे प्रकार मोजके असतात. शेड, रस्ता, पार्किंग आणि ग्रीन बेल्ट. नुसती जमीन, जिच्यावर गवत आणि खाली कोळी आहे, तिला नावच नाही. तिला वाचवायचं तर यांतल्या कशाततरी घालावं लागतं. शिवाय कारखान्याचं सांडपाणी स्वच्छ करून बाहेर न सोडता आवारातल्याच झाडांना घालायचा नियम आहे. नियम चांगला आहे. पण पाणी भरपूर आणि जमीन थोडी, त्यामुळे ग्रीन बेल्ट कायम चिखलात असतो. मुख्य फाटकाजवळची हिरवळ मी येताना पाहिली होती, तिच्यावर पाय ठेवला की बूट पचकन आवाज करत होता.

म्हणजे मी या बिळातल्या बाईंच्या दारावरून ट्रक हटवला होता आणि टँकर आणून उभा केला होता. काँक्रीट ओतलं असतं तर एकदाच मेल्या असत्या. आता रोज दोन वेळा बुडणार होत्या, वर कोळ्याच्या चित्राची पाटी लावून. आम्ही साहेबांना भेटायला परत वर गेलो. ते मीटिंगमध्ये होते. दुसऱ्या दिवशीही होते. त्यांच्या सहायकानं निरोप आणला की काळजी नसावी, पाटी मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत करायला दिली आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी पट्ट्यावर मांडव होता. जमिनीवर चुन्यानं वर्तुळं आखली होती, प्रत्येक वर्तुळात एक खड्डा होणार होता. बाजूला कोनोकार्पसची रोपं कुंड्यांत उभी होती, परदेशी झाड, ना पाखराला फळ ना गुराला पाला, पण महिनाभरात हिरवं दिसतं म्हणून सगळ्यांचं लाडकं. पाऊस संपून थंडी पडायला लागल्यावर झाडं लावण्याची ही रीत कुठली, असं मी विचारलं. टँकर आहे की, असं उत्तर मिळालं.

टँकर नानांचा होता. कंपनी उभी आहे ती जमीन पूर्वी नानांच्या घरची. आता या सांडपाण्याचा टँकर, बागकाम आणि भंगार ही सगळी कंत्राटं त्यांच्याकडे. पांढरे कपडे, पांढरी गाडी, गळ्यात जाड साखळी. मी त्यांच्याकडे गेले आणि हे पाणी इथे सोडू नका म्हणून सांगितलं. माझा सूर जरा चढलेलाच होता, आणि टँकरवाल्याकडून शहाणपणाची अपेक्षा मी ठेवलीच नव्हती. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्याडम, तुमचं खरं आसंल," ते म्हणाले. "पर पानी कुठंतरी सोडावंच लागतंय. हितं न्हाई तर वढ्यात जाईल. वढ्यात गेलं की खालच्या गावाची हिर नासती."

हिर म्हणजे विहीर. मला राग आला, तो नानांचा नव्हे. पण दुसरं कोणी हाताशी नव्हतं म्हणून मी त्यांच्याकडेच रागानं बघितलं.

दिल्लीचे साहेब आले. हार झाले, भाषणं झाली, कोळ्याबद्दल एक वाक्य झालं, त्यात त्याला कीटक म्हटलं गेलं. मग माझ्या हातात रोप दिलं आणि कुणीतरी पितळेचा तांब्या पुढे केला. माझ्या पायापुढचं चुन्याचं वर्तुळ मी ज्या बाईंचं दार उचलून पाहिलं होतं त्यांच्यापासून वीतभरावर होतं. मी रोप खाली ठेवलं आणि माइकवर स्पष्ट मराठीत सांगितलं, की इथे खड्डा घेतला आणि पाणी सोडलं तर तुम्ही जे वाचवल्याच्या टाळ्या वाजवताय ते सगळं मरणार आहे, मी इथे झाड लावणार नाही, आणि ज्यांना जमिनीवर काही उगवलेलं दिसल्याशिवाय ती जिवंत वाटत नाही त्यांनी जमिनीचं भलं करायच्या फंदात पडू नये. दिल्लीच्या साहेबांना मराठी येत नव्हतं. त्यांनी प्लांट हेडकडे पाहिलं. प्लांट हेडनी हसून इंग्रजीत सांगितलं, की मॅडम फार भारावून गेल्या आहेत. पुन्हा टाळ्या वाजल्या आणि जेसीबी सुरू झाला.

मी आयुष्यात इतकी हतबल कधी झाले नव्हते. बाजूला उभी राहून मी त्या यंत्राचा हात वर जाताना बघत होते. तेवढ्यात मनीषा पुढे गेली. तिनं आवाज चढवला नाही, फक्त गवतात अर्धवट बुडालेल्या एका सिमेंटच्या खुंटाकडे बोट केलं. खुंटावर विजेची खूण कोरलेली होती, रंग उडालेला.

"सर, इथून हाय टेन्शनची केबल गेलीय," ती म्हणाली.

जेसीबी बंद झाला. प्लांट हेडचं हसू गेलं आणि त्यांनी दिल्लीच्या साहेबांना दंडाला धरून मागे घेतलं. बघता बघता सगळा मांडव त्या पट्ट्यावरून उठून रस्त्याच्या पिवळ्या पट्ट्यांच्या आत जाऊन उभा राहिला. ज्या माणसांना दोन दिवस मी जिवाच्या आकांतानं सांगत होते, की इथे खणू नका, इथे पाणी टाकू नका, तीच माणसं आता एकमेकांना ओरडून तेच सांगत होती. विजेचं खातं बघणाऱ्या गृहस्थांना विचारलं गेलं, केबल आहे का? त्यांनी मनीषाकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे पाहिलं आणि खुंट तर आहे, एवढंच म्हणाले. तेवढं पुरलं. पट्टा तिथल्या तिथे लाल फितीनं बंद झाला. न खणणे, न भिजवणे, न फिरकणे. इतकं चोख संरक्षण कुठल्या वाघालाही मिळत नसेल.

पण रोपं तयार होती, फोटोवाला तयार होता, दिल्लीच्या साहेबांचं विमान होतं. नानांनी मार्ग काढला. म्हणाले, भिंतीपल्याड माझं रान पडीकच हाय, तिथं लावा की. मागचं फाटक उघडलं, सगळी वरात पट्ट्याला वळसा घालून पलीकडे गेली. जेसीबी गेला, टँकर गेला. माझ्या हातात पुन्हा रोप आलं. मी इतकी खुशीत होते, की हसून ते लावलं, तांब्यानं पाणी घातलं आणि फोटोवाल्यानं इकडे बघा म्हटल्यावर त्याच्याकडे बघितलं. मागे नानांनी टँकरचा पाइप सोडला आणि पाणी उतारानं माळावर पसरत गेलं.

चाकणच्या बसस्टॉपवर मनीषानं मला सांगितलं, की ती केबल केव्हाच मेलेली आहे. नवी दुसऱ्या बाजूनं टाकली, जुनी काढायची राहिली. विजेच्या गृहस्थांनाही ते माहीत आहे. आम्ही दोघी तिथेच उभ्या राहून इतक्या हसलो, की एका सहा आसनी रिक्षावाल्यानं आम्ही बसणार आहोत की नाही ते एकदा ठरवा म्हणून सुनावलं. परतीच्या एसटीत मी प्लांट हेडला, दिल्लीच्या साहेबांना, मेट्रोला आणि प्रसादच्या नदीला मनसोक्त नावं ठेवत आले. जेजुरीच्या पुढे झाडं विरळ झाली, माळ पिवळा पडत गेला आणि मला फार बरं वाटलं.

पंधरवड्यानं मनीषाचा फोन आला. पट्टा कोरडा होता, लाल फितीच्या जागी आता तारेचं कुंपण आणि कवटीची पाटी होती, झाकणं जागच्या जागी होती. तिची नोकरीही होती. मी तिला शाबासकी दिली.

"मॅडम, भिंतीपलीकडची झाडं चांगली फुटलीत. नाना रोज टँकर सोडतात," ती म्हणाली. "तिथेसुद्धा झाकणं असतील का?"

कोळ्याचं आयुष्य लांब असतं हे मीच तिला शिकवलं होतं. भिंत अलीकडच्या वर्षांतली आहे, आणि ती बांधण्याआधी तो माळ एकच होता, तोच मुरूम, तेच कुसळी गवत. मी तिथे उभी होते, पाहुणी म्हणून बूट माफ, आपल्या चपला घालून, आणि मी जमिनीकडे बघितलं नाही. ज्यांना मी आठवडाभर हसले त्यांना निदान काय बघायचं ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

ती म्हणाली, "संध्याकाळी जाऊन बघू का?"

मी म्हटलं, "नको, मनीषा."

तिनं बरं म्हटलं. पुन्हा विचारलं नाही, आणि त्यानंतर आमचं इकडच्या थंडीबद्दल बोलणं झालं.